पाषाणांची पहिली पोथी : हैदराबादेतील भूशास्त्राच्या अध्ययनाचा इतिहास

सोलापुराहून हैदराबादेस जाणारा प्रवासी आगगाडीच्या खिडकीपाशी डोळे उघडे ठेवून बसला, तर एका दिवसात भूशास्त्राचे अर्धे पुस्तक त्याच्यासमोरून सरकत जाते. सोलापूर, अक्कलकोट, कलबुर्गी हा सारा काळ्या पाषाणाचा व काळ्या मातीचा मुलूख. महाराष्ट्राचे गड, लेणी आणि देवळे ज्या दगडातून कोरली गेली तोच हा दगड. पुढे शहाबाद व वाडी येथे काळा रंग मागे पडतो आणि थरांवर थर रचलेला करडा चुनखडक लागतो. आपल्या घरांच्या ओट्यांवर व देवळांच्या प्राकारांत जी शहाबादी फरशी आपण पाहतो, ती इथली. तांदूरपर्यंत या फरशीच्या खाणी सोबत करतात. विकाराबादेजवळ अनंतगिरीच्या टेकड्यांवर तांबडा, सच्छिद्र जांभा दिसू लागतो आणि शंकरपल्ली-लिंगमपल्लीच्या सुमारास एकाएकी भूमीचे रूपच पालटते. गुलाबी-करड्या रंगाच्या प्रचंड शिळा, एकीवर एक तोलून ठेवाव्यात तशा, दोन्ही बाजूंस उभ्या राहतात. येथे हैदराबाद सुरू होते.

वाडी ते हैदराबाद हा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. तेव्हापासून मराठी मुलखातील असंख्य माणसे नोकरी, व्यापार, शिक्षण व तीर्थयात्रा यांच्या निमित्ताने याच वाटेने आली आणि कित्येक येथेच स्थायिक झाली. त्यांच्या वंशजांनी शाळा काढल्या, ग्रंथालये काढली, देवळे बांधली. परंतु ज्या भूमीवर हे सर्व उभे राहिले, त्या भूमीचे शास्त्र या शहरात कसे जन्मले व कसे वाढले, याची हकीकत आमच्या मंडळींत फारशी सांगितली जात नाही. ती थोडक्यात सांगावी, आणि महाविद्यालयातील भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा पाठ आपल्या देवळाच्या सभामंडपापर्यंत का यावयास हवा याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक शल्यवैद्य आणि त्याचा हातोडा

या शास्त्राचा हैदराबादेतील आरंभ एका डॉक्टरापासून होतो. दक्षिण भारताची त्रिकोणमितीय मोजणी करणारे कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांच्या पथकात १८१८ साली हेन्री वेस्ली व्हॉयसी या शल्यवैद्याची नेमणूक झाली. त्याच्याकडे दोन कामे होती : पथकातील माणसांचे औषधपाणी पाहणे आणि वाटेतील खडकांचे निरीक्षण करणे. मोजणीचे पथक तेव्हा निजामाच्या राज्यातून उत्तरेस सरकत होते. व्हॉयसीने हैदराबादच्या परिसरातील ग्रॅनाइट पाहिला, तो काळ्या पाषाणाच्या थरांखाली कोठे नाहीसा होतो हे पाहिले, कृष्णेच्या खोऱ्यातील हिऱ्यांच्या जुन्या खाणी पाहिल्या आणि त्या सर्वांवर टिपणे लिहून ठेवली. हिंदुस्थानातील भूशास्त्राचा जनक असे त्यास पुढील पिढ्यांनी म्हटले, ते याच कामाबद्दल.

हिऱ्यांसंबंधी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'गोवळकोंड्याचा हिरा' हा शब्दप्रयोग जगभर झाला, परंतु गोवळकोंड्याच्या किल्ल्याखालच्या ग्रॅनाइटात हिरा नाही. गोवळकोंडा ही पेठ होती. हिरे येत ते कृष्णेच्या काठच्या कोल्लूर, परिटाल अशा ठिकाणच्या गाळातून व जुन्या दगडगोट्यांच्या थरांतून. कोणता खडक कोणत्या संपत्तीचे माहेर असू शकतो, हा भूशास्त्राच्या प्राथमिक पाठांपैकी एक पाठ होय.

लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. पाठोपाठ १८२४ साली व्हॉयसीही कलकत्त्याच्या वाटेवर मरण पावला. त्याचे हिऱ्यांच्या खाणींवरील टिपण मरणोत्तर छापले गेले. 'जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया' ही सरकारी संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली, म्हणजे व्हॉयसीनंतर तब्बल २७ वर्षांनी. हैदराबादचे खडक त्याआधीच अभ्यासकाच्या वहीत उतरले होते.

भूमी आपली, ज्ञान दुसऱ्याचे

पुढचा अध्याय गोदावरीच्या खोऱ्यातला आहे. सर्व्हेचे अधिकारी विल्यम किंग यांनी १८७०च्या सुमारास येल्लंदूच्या परिसरात दगडी कोळशाचे थर असल्याचे दाखवून दिले. त्या कोळशाच्या एका मोठ्या थरास आजही किंग यांचेच नाव आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील त्यांचा ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला.

हा शोध लागला आणि संस्थानच्या राजकारणात वादळ उठले. लोहमार्ग चांद्याच्या दिशेने कसा व कोणाच्या पैशाने न्यावा यावरून हैदराबादेत १८८३ साली मोठी चळवळ झाली. त्या योजनेस विरोध केल्याबद्दल अघोरनाथ चट्टोपाध्याय या विद्वान शिक्षकांना संस्थानाबाहेर जावे लागले. श्रीमती सरोजिनी नायडू यांचे ते वडील. त्यानंतर १८८६ साली खाणींचे हक्क इंग्लंडातील भांडवलदारांना ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आले. या व्यवहारातील नफेखोरीचा गवगवा इतका झाला की, १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीस त्याची चौकशी करावी लागली. येल्लंदूच्या खाणीतून कोळसा निघू लागला तो १८८९ मध्ये. १९२० साली सिंगरेणी कॉलरीज कंपनी या नावाने हा उद्योग पुढे आला आणि आजही तो दक्षिणेतील वीजकेंद्रांना कोळसा पुरवीत आहे.

या प्रकरणाचे तात्पर्य आम्हांस स्पष्ट दिसते. आपल्या भूमीच्या पोटात काय आहे हे ज्या समाजास ठाऊक नसते, त्याच्या भूमीचा सौदा दुसरेच कोणी करतात. सुदैवाने संस्थानातील काही कर्त्या मंडळींना हे उमगले. विसाव्या शतकात 'हैदराबाद जिऑलॉजिकल सर्व्हे' हे संस्थानचे स्वतंत्र खाते कामास लागले. कॅप्टन लेनर्ड मन आणि खुर्शीद मिर्झा ही या खात्यातील ठळक नावे. सी. व्ही. रामन यांच्याजवळ संशोधनाचे शिक्षण घेतलेले कलामूर महादेवन हेही काही काळ या खात्यात होते. पुढे ते आंध्र विद्यापीठात गेले आणि तेथील भूशास्त्राचे अध्यापन त्यांनी नावारूपास आणले. खात्याचे स्वतःचे नियतकालिक निघे. रायचूर, गुलबर्गा अशा जिल्ह्यांतील खडकांची तपशीलवार वर्णने त्यात प्रसिद्ध होत.

तबकातुल अर्ज आणि भूगर्भशास्त्र

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले. एका भारतीय भाषेत, म्हणजे उर्दूत, उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचे खाते उघडण्यात आले होते. रसायन, पदार्थविज्ञान, वैद्यक, स्थापत्य या सर्व विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्याचा तो अवाढव्य उद्योग होता. भूशास्त्रास उर्दूत 'तबकातुल अर्ज', म्हणजे पृथ्वीच्या थरांची विद्या, असे सुंदर नाव आहे. आपल्या मराठीत त्याच विद्येस भूगर्भशास्त्र, भूस्तरशास्त्र, भूशास्त्र व भूविज्ञान अशी नावे वेळोवेळी मिळाली.

संस्थानच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. तेथील मुलाला पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे. घरी मराठी, शाळेत उर्दू, ग्रंथालयात इंग्रजी आणि रस्त्यावर तेलुगू अशा चार भाषांतून वाट काढीत ही मुले शिकली. मातृभाषेतून शिक्षण हवे, ही जाणीव १९०७च्या विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्थांनी येथे जिवंत ठेवली होती. विद्यापीठीय शिक्षणात मात्र मराठीस जागा नव्हती. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून कित्येक विद्यार्थ्यांना उस्मानिया सोडावे लागले व नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४८ नंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला आणि १९५८ साली औरंगाबादेस त्याचे स्वतःचे विद्यापीठ निघाले.

उर्दूचा तो प्रयोग पुढे टिकला नाही. परंतु कठीण शास्त्र देशी भाषेत शिकविता येते, हे त्याने सिद्ध करून दाखविले. मराठीत हे काम महाराष्ट्राने उचलले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्यातील व पुढील खंडांतील भूविज्ञानाच्या अनेक नोंदी क. वा. केळकर यांच्या लेखणीतून उतरल्या आहेत. त्या नोंदी ज्याने वाचल्या असतील, त्याला मराठीत हे शास्त्र किती नितळपणे सांगता येते हे निराळे सांगावयास नको.

पहिल्या वर्षाचा पाठ

उस्मानियाच्या कला महाविद्यालयाची भव्य इमारत १९३९ साली पुरी झाली. ती याच परिसरातील गुलाबी ग्रॅनाइटाची आहे. तेव्हा या विद्यापीठात भूशास्त्र शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला नमुना म्हणजे विद्यापीठाची भिंतच होय. त्या घडीव दगडाकडे जवळून पाहिले असता तीन प्रकारचे कण दिसतात : काचेसारखी चमकणारी गारगोटी, गुलाबी किंवा पांढुरके फेल्स्पार, आणि काळ्या चकचकीत पापुद्र्यांचे अभ्रक. कण मोठे आहेत, कारण हा खडक भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड झाला. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाचे कण मात्र डोळ्यांस दिसत नाहीत, कारण तो लाव्हारस होऊन भूमीवर वाहिला व लवकर थिजला. दोन्ही खडक अग्निज, परंतु एक धरणीच्या पोटात पिकलेला आणि दुसरा अंगणात निवलेला.

वयाचा फरक तर विलक्षण आहे. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, तर दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. आपण सह्याद्रीस पुराणपुरुष म्हणतो, परंतु हैदराबादच्या टेकड्यांपुढे तो कालचे मूल ठरतो.

मग त्या शिळा एकमेकींवर कोणी रचल्या? भीमाने रचल्या, दैत्यांनी फेकल्या, अशा लोककथा पुष्कळ आहेत. शास्त्राचे उत्तर असे. ग्रॅनाइट थंड होताना व वरचे ओझे झिजून हलके होताना त्यात उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि खडकाचे जणू चौकोनी चिरे होतात. पावसाचे पाणी भेगांतून झिरपते व फेल्स्पारची माती करते. चिऱ्याच्या कोपऱ्यास तीन बाजूंनी पाणी लागते, कडेस दोन बाजूंनी, सपाट पृष्ठास एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनाचा गोल होतो. पुढे भोवतालची माती पावसाने वाहून गेली की, आतील गोल शिळा जागच्या जागी उघड्या पडतात. त्या कोणी वर चढविल्या नाहीत, त्यांच्याभोवतीची जमीन खाली गेली.

हा पाठ आम्हांस विशेष प्रिय आहे, कारण भूशास्त्राची संपूर्ण विचारसरणी त्यात आली. आज जे पाणी, वारा, ऊन आपले काम करीत आहेत, तेच पूर्वीही करीत होते. त्यांना पुरेसा काळ दिला की, जे चमत्कार वाटते ते नित्याच्या व्यापारातून घडून येते. स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा विचार मांडला आणि चार्ल्स लायेल यांनी १८३० पासून तो जगभर पसरविला. दाराशा वाडिया यांचा भारताच्या भूशास्त्रावरील ग्रंथ १९१९ साली आणि आर्थर होम्स यांचा भौतिक भूशास्त्रावरील ग्रंथ १९४४ साली निघाला. आपल्या महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या या दोन पुस्तकांवर वाढल्या. भूखंडे सरकतात ही कल्पना त्या काळी वादग्रस्त होती. १९६०च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासाने ती सर्वमान्य झाली आणि अभ्यासक्रमाचा कणा बनली.

पाणी कोठे जाते

अनंतगिरीवर अनंतपद्मनाभस्वामींचे देवालय आहे व त्याच डोंगरात मुसी नदीचा उगम आहे. हीच मुसी २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेवर कोसळली. पाणलोटातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले, अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे वाचली आणि शहरातील सुमारे १५,००० माणसे बुडाली असा अंदाज आहे. १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले.

पुराचे एक कारण पाऊस, हे खरे. परंतु त्याच पावसाचे पाणी या मुलखात इतक्या वेगाने नदीत का येते, याचे उत्तर खडकाकडे आहे. अखंड ग्रॅनाइट पाणी पीत नाही. त्यावर मातीचा थर पातळ, त्यामुळे पडलेले पाणी लगेच वाहू लागते. तलाव, ओढे व मोकळ्या उतारांनी ते थोपविले नाही तर ते घरात शिरणारच. ऑगस्ट २००० व ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेस याची पुन्हा आठवण झाली. जे तलाव बुजवून वसाहती झाल्या, तेथे पाणी आपली जुनी जागा शोधीत आले.

याउलट बिदरचे उदाहरण पाहावे. बिदरचे पठार काळ्या पाषाणावर जांभ्याचा जाड थर चढून झालेले आहे. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी खाली झिरपते. खालचा पाषाण ते अडवितो. बहामनी काळातील कारागिरांनी नेमक्या या दोहोंच्या सांध्यावर भुयारी कालवे खोदून गावास पाणी दिले. त्यांनी कोणत्याही विद्यापीठात भूशास्त्राचा अभ्यास केला नव्हता, परंतु जमिनीचे वाचन त्यांना अवगत होते. आमच्या गोमंतकीय वाचकांस जांभा नवा नाही. ज्या चिऱ्यांनी त्यांची घरे व देवळे बांधली तोच हा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. त्यास जगाच्या शास्त्रात 'लॅटेराइट' हे नाव मिळाले ते मलबारातील अंगाडिपुरम येथील दगडावरून. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात ते प्रथम वापरले.

काळ्या पाषाणाखाली काय दडले होते

हे शास्त्र केवळ कुतूहलाचे नाही, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन जाणले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे झोपली असताना किल्लारी व सास्तूर परिसरात धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली.

तोवर हा भाग देशाच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. दख्खनचे पठार अचल आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने त्या समजुतीस पहिला तडा दिला होता. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. धरणातील पाण्याच्या साठ्याशी त्याचा संबंध जोडला गेला व तो अभ्यास जगात गाजला. किल्लारीस तसे मोठे धरण नव्हते.

किल्लारीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात हैदराबादेचा वाटा मोठा आहे. उस्मानिया विद्यापीठाशेजारीच १९६१ साली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था स्थापन झाली होती. तिच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीस जमिनीत खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर गाळाच्या खडकाचा काही मीटरांचा पातळ थर लागला, आणि त्याखाली लागला तो ग्रॅनाइटाच्या कुळातील अतिप्राचीन खडक, म्हणजे हैदराबादेस जो उघड्यावर दिसतो त्याचाच भाईबंद. पुढे कोयनेच्या परिसरातही तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ साली घेण्यात आले. तेथे हा प्राचीन तळखडक सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाच्या खाली सापडला.

म्हणजे हैदराबाद व मराठवाडा हे दोन निराळे प्रदेश नसून एकाच पायावरचे दोन मजले आहेत. हैदराबादेस पाया उघडा आहे, मराठवाड्यात तो झाकलेला आहे. त्या पायातील जुन्या भेगा काळ्या पाषाणाच्या चादरीखाली दिसत नाहीत, एवढ्यावरून त्या नाहीत असे होत नाही. २००२ साली भूकंपनकाशा सुधारण्यात आला, 'सर्वांत कमी धोक्याचा' तो पट्टाच रद्द झाला व किल्लारीचा भाग वरच्या वर्गात गेला.

परंतु भूकंपाने जितकी माणसे मारली, त्याहून अधिक भिंतींनी मारली, हे सत्य नजरेआड करता येणार नाही. ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचून केलेल्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे वजनदार धाबे, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारी, पण हादरा बसताच दोन्ही अंगांनी उकलणारी. भिंतीच्या आतील व बाहेरील दगडांस सांधणारे आरपार लांब दगड घालणे, कोपरे एकमेकांत गुंतविणे, आणि पायथा, दारांचा माथा व छपराखाली सलग पट्टा फिरविणे, हे उपाय साधे आहेत. ते गवंड्यास व घरधन्यास ठाऊक असण्यासाठी भूशास्त्राचा पहिला पाठ महाविद्यालयाच्या आवारातच राहून चालत नाही.

देवघरातील पाच नमुने

येथे आमचे श्रद्धावान वाचक विचारतील की, या सर्वांचा देवळाशी काय संबंध? आमचे उत्तर असे की, संबंध आपल्या देवघरातच आहे. पंचायतनाच्या तबकातील पाच पाषाण आठवावेत. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, देवीचा धातुपाषाण सुवर्णमुखीचा, आणि सूर्याचा स्फटिक. महाविद्यालयात पहिल्या दिवशी विद्यार्थ्यापुढे नमुन्यांची पेटी ठेवतात, तशी ही आपल्या पूर्वजांनी देशाच्या चारी दिशांकडून जमविलेली पेटीच आहे.

शाळिग्रामातील चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा शंख. हा जीव सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, हिमालय जन्मण्यापूर्वीच्या समुद्रात राहत असे. समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाला आणि गंडकीने तो फोडून आपल्या हाती दिला. नर्मदेचा बाण म्हणजे कठीण दगडाच्या तुकड्यास वाहत्या पाण्याने हजारो वर्षे घोळवून आणलेला आकार. या माहितीने शाळिग्रामाचे देवत्व उणावते असे आम्हांस वाटत नाही. तुळशीपत्र वाहणाऱ्या हातास आपण केवढ्या काळाला स्पर्श करीत आहोत हे कळले, तर तो हात अधिकच नम्र होईल.

काळाविषयीही एक शब्द. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा असे आपली शास्त्रे सांगतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असे किरणोत्सर्गी मापनाने ठरले आहे. हे आकडे जवळ आलेले पाहून पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्ही तो टाळतो. एक आकडा युगगणनेतून आला आहे, दुसरा खडकांच्या व अशनींच्या मापनातून. दोहोंची वाट निराळी. मात्र एक लाभ आपल्या परंपरेने निश्चित दिला आहे : कोट्यवधी वर्षांचा विचार करताना आपले मन दचकत नाही. हटन-लायेल यांच्या देशबांधवांना सृष्टी सहा हजार वर्षांची मानण्याच्या सवयीतून बाहेर पडण्यासाठी जो झगडा करावा लागला, तो आपल्या विद्यार्थ्यास करावा लागू नये.

देवळांच्या बांधणीतही हे ज्ञान ठायी ठायी दिसते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरता आले, कारण काळ्या पाषाणाचे जाड थर तेथे अखंड मिळाले. तेलंगणातील पालमपेटचे रामप्पा देवालय १२१३ सालचे. त्याच्या भिंतींस वालुकाश्म, कोरीव मदनिकांस कठीण काळा दगड, आणि शिखरास पाण्यावर तरंगतील अशा हलक्या विटा, अशी योजना त्या स्थपतींनी केली, आणि पाया वाळूच्या थरावर बसविला. २०२१ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. हैदराबादेतील नौबत पहाडावर १९७६ साली झालेले बिर्ला मंदिर राजस्थानी संगमरवराचे आहे. २५० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटावर रूपांतरित चुनखडकाचे देवालय, असा तो संयोग आहे. यादगिरिगुट्ट्याचे नृसिंहमंदिर काळ्या कृष्णशिलेत नव्याने बांधून २०२२ साली खुले झाले. कोणता दगड कोठे शोभतो व कोठे टिकतो, हा प्रश्न जुन्या स्थपतींइतकाच आजच्या विश्वस्तांचाही आहे.

आता काय करावे

हैदराबादच्या शिळा आज झपाट्याने नाहीशा होत आहेत. २५० कोटी वर्षांत जे घडले ते सुरुंगाने एका दुपारी फुटते व खडी होऊन रस्त्यात जाते. १९९६ साली येथील काही नागरिकांनी शिळा वाचविण्यासाठी 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' ही संस्था काढली आणि काही शिळासमूहांना वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. परंतु वाचलेल्या शिळांपैकी पुष्कळ वाचल्या त्या वेगळ्याच कारणाने : त्यांच्यावर किंवा त्यांच्या सावलीत कोणीतरी देव बसविला होता. श्रद्धेने जे रक्षण आपसूक केले, ते आता जाणून करावयास हवे.

आमची सूचना लहान आहे. जेथे जेथे आपल्या समाजाचे देवालय आहे, तेथे उत्सवातील प्रवचनांच्या मालिकेत एक दिवस त्या स्थळाच्या पाषाणास द्यावा. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकास बोलवावे. देवळाचा दगड कोणता, तो कोठून आला, त्याची झीज कशाने होते, विहिरीस पाणी कोठून येते, भूकंपात सभामंडपाचे काय होईल, हे त्याने साध्या मराठीत वा कोंकणीत सांगावे. जीर्णोद्धार काढण्यापूर्वी जुन्या भिंतीवर ऑइलपेंट फासण्याऐवजी दगडाची परीक्षा करून घ्यावी, कारण रंगाने कोंडलेला ओलावा दगडास आतून खातो. आणि मंडळाच्या ग्रंथालयात गारगोटी, अभ्रक, जांभा, शहाबादी, काळा पाषाण व गुलाबी ग्रॅनाइट यांचे नमुने नावे लिहून एका फळीवर ठेवावेत. खर्च जवळजवळ काहीच नाही.

व्हॉयसीच्या वहीपासून किल्लारीच्या छिद्रापर्यंत हे शास्त्र हैदराबादेत दोनशे वर्षे वाढले. त्यातील बहुतेक काळ ते परक्या भाषेत राहिले आणि सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचले नाही. ते पोहोचविण्याचे काम विद्यापीठांनी एकट्याने करावे अशी अपेक्षा धरणे रास्त नाही. ज्या समाजाने दगडात देव पाहिला, त्याने दगडाचा इतिहासही वाचावा, एवढेच आमचे मागणे आहे.